बर्फातली ढुशी

चांद्याहून आणलेल्या बर्फाच्या पेटीपाशी गुणवंतराव आणि गावातली शकुबाई उभे होते.

सिरोंच्याच्या रानातली शेवटची रानम्हैस कालच मेली. तिच्या पोटातला अंगठ्याएवढा गर्भ गुरांचे डॉक्टर गुणवंतराव यांनी बर्फात जपला होता. पुढे कधी शास्त्र त्याला दुसऱ्या कुशीत वाढवील, या एकाच आशेवर.

शकुबाईची म्हैस पारडू मेल्यापासून आटली होती. आता ती पेटीला बिलगून उभी होती, आणि तिला पान्हा फुटला होता.

“काऊन थांबले, डाक्टरभाऊ? उघडा न. भुकेलं हाये थे.”

“उघडलं तर बर्फ वितळेल, बाई. शेवटचं आहे ते.”

तेवढ्यात आतून फळीला ढुशी बसली, पारडू कासेला देते तशी.

“बाई, ऐकलंत?”

“आता माही म्हैसच त्याची माय,” म्हणत शकुबाईने म्हशीचे दावे त्यांच्या हाती दिले आणि मागे न पाहता ती निघून गेली.