डाव्या हाताचा चौकोन
आईनं लोकरीचा गुंडा पुन्हा भिंतीवर भिरकावला. अर्धांगवायूच्या झटक्यात तिचा उजवा हात गेला, आणि अख्ख्या गल्लीला क्रोशा शिकवणारी ही बाई आता डाव्या हातानं साधा चौकोन शिकत होती. दर ओळीला कडेचा टाका सुटायचा आणि चौकोनाचा त्रिकोण व्हायचा. ती चिडून सगळं उसवायची आणि लगेच नव्यानं सुरू करायची. “अगं, जरा दम धर.” “कसला दम? हा हात आहे की लाकूड?” मी जन्माची डावखुरी. पण लहानपणी माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिसली की आईची फूटपट्टी सपकन बसायची. शेवटी विणायलाही मी उजव्यानंच शिकले. “थांब, दाखवते,” म्हणत मी सवयीनं सुई उजव्या हातात धरली. तेवढ्यात त्याच हातावर आईच्या डाव्याचा फटका बसला. “मला उजव्यानं काय दाखवतेस?” ती खेकसली. “तुझ्या हातानं दाखव.”