नापसंत गाड्या

"कात्रजला नको ना बाबा, फार लांब पडतं," उत्कर्षा बसस्टॉपवर पुन्हा म्हणाली.

"लांब पडतं म्हणूनच गाडी घ्यायचीय ना? मग चल," सुदर्शनराव म्हणाले, आणि समोर आलेल्या पीएमटीत चढलेसुद्धा.

नारायण पेठेतल्या माणसाने वाकडं उत्तर दिलं की त्यामागचं सरळ उत्तर कुणी शोधत बसत नाही. सुदर्शनरावांच्या ते पथ्यावरच पडलं होतं. कारण सरळ उत्तर असं होतं, की कात्रज लांब आहे म्हणूनच त्यांनी ते निवडलं होतं. जाण्यायेण्यात अख्खी दुपार निघाली असती आणि तेवढा वेळ लेक शेजारी बसली असती.

उत्कर्षा हडपसरला आयटी कंपनीत होती. तिकडेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहायची. तिची आई, सुहासिनीबाई, होत्या तोवर बापलेकीचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्या आणि मधला माणूसच नाहीसा झाला. मग फोनवर "जेवलीस का?", "हो, तुम्ही?", "हो" एवढं झालं की दोघांनाही पुढे काही सुचत नसे. गणपतीत मात्र ती घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मला पहिली गाडी घ्यायचीय. जुनी चालेल, पण परवडणारी हवी आणि विमाही बेताचा हवा. तुम्ही बघाल माझ्याबरोबर?"

सुदर्शनरावांनी उभा जन्म विमा कंपनीत, मोटारींच्या विभागात काढला होता. त्यांना वाचा फुटली.

तेव्हापासून दर रविवारी ती बसने पेठेत यायची आणि दोघं बसनेच गाड्या बघायला निघायची. वाटेत उसाचा रस व्हायचा. ती ऑफिसातल्या गमती सांगायची, ते जुन्या अपघातांच्या सुरस कथा सांगायचे. लग्नानंतर आईला लक्ष्मी रोडवर स्कूटरवरून पाडलं होतं ते बाबांनीच, हे तिला अशाच एका रविवारी कळलं. "मग क्लेम केला होतात का?" तिने विचारलं. "तिने केला. जन्मभर वसूल करत होती," ते म्हणाले, आणि बस हलवून सोडेल इतकी ती हसली. तिचं ते हसणं त्यांना पुढे आठवडाभर पुरलं.

म्हणूनच गाडी पसंत पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. गाडी मिळाली की रविवार संपले. मग काय, एकीचं इंजिन मोठं, म्हणजे विमा मोठा. दुसरी स्वस्त, पण विमा धरला तर नाकापेक्षा मोती जड. तिसरीत काहीच खोट निघेना, तेव्हा "नवशिकी आहेस, काळा रंग घेशील आणि पहिल्या ओरखड्याला रडशील," म्हणून तिलाही नकार. मुलीची स्थळं बघतानासुद्धा कुणी इतकं नाक मुरडत नसेल. घरी परतल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटायची. शनिवार उजाडला की मात्र ते शर्टाला इस्त्री करायला घ्यायचे.

आज बसमध्ये उत्कर्षा गप्प होती. चोराच्या मनात चांदणं, तसं सुदर्शनरावांचं झालं. हिला कळलं असेल का? की कंटाळली? आता म्हणेल, 'पुरे झालं बाबा, कुठली तरी घेऊन टाकू.'

जुन्या गाड्यांचं आवार कात्रज डेअरीच्या थोडं पुढे होतं. मालक गुलजारभाई खुर्चीतून उठून लगबगीने पुढे आले.

"अरे ताई, या या! काय म्हणतेय गाडी? दिवाळीत नेलीत त्या आज दिसताय. कुठे लावलीत?"

उत्कर्षाने मान खाली घातली.

सुदर्शनराव आधी चिडले. दिवाळीत! आणि आता तर होळी आली होती. लेकीने आपल्याला सरळ सरळ बनवलं. ते बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांना आजची सकाळ आठवली. जिन्यावरून ती धापा टाकत वर आली होती, केस विस्कटलेले, ओढणी घामाने भिजलेली, आणि म्हणाली होती, "उभंच राहावं लागलं बाबा, हडपसरपासून." दाराशी स्वतःची गाडी उभी असलेली मुलगी. दर रविवारी.

त्यांचा राग घशातच विरघळला. ते गुलजारभाईंकडे वळले.

"भाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय," ते म्हणाले. "आमची गाडी अजून ठरायचीय. ती राखाडी दाखवा बरं."

गुलजारभाईंनी बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. माणसं पारखण्यात त्यांचे केस पिकले होते. "हां साहेब, चूक झाली," म्हणत ते किल्ली आणायला वळले.

राखाडी गाडी अगदी हवी तशी होती. इंजिन छोटं, एकाच मालकाने जपून वापरलेली, विमा बेताचा. सुदर्शनरावांनी तिला प्रदक्षिणा घातली, चाकावर बूट आपटून पाहिला, आत वाकून हॉर्न वाजवला.

"ही नको," ते म्हणाले. "हिचा हॉर्न फार विनम्र आहे. पुण्यात चालायचा नाही. पुढच्या रविवारी हडपसरलाच बघू, तुलाही जवळ."

उत्कर्षाने त्यांच्या हातातली पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि त्यांचा हात धरला.

"हडपसर नको, बाबा," ती म्हणाली. "निगडीला जाऊ. ते कात्रजहून लांब आहे."