मल्लीला काल दुखत होतं

“नेमके कुठले शब्द वापरलात, तेवढंच सांगा,” राजगोपाल म्हणाले.

अण्णा नगरमधल्या घोडेस्वारी क्लबच्या खोलीत चौकशी चालली होती. राजगोपाल क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी विद्यालक्ष्मी, घोड्यांच्या डॉक्टर; शर्यतीच्या दिवशी तपासणीवर त्याच होत्या. समोर शेषाद्री आणि यश. शेषाद्री मेलेल्या घोडीचे मालक, यश तिचा स्वार.

यशला पुढच्या महिन्याच्या निवड चाचणीत उतरू द्यायचं की त्याच्यावर बंदी घालायची, हे आज ठरायचं होतं. चाचणीतून परदेशी जाणारा संघ निवडणार होते.

शेषाद्रींनी टेबलाकडे पाहत सांगितलं, “मी म्हणालों, मल्लीस काल दुखत होतें, पाहून जा.”

“कधी म्हणालात?”

“शेवटचा टप्पा सुरू व्हायच्या आधी. यश चढत होता.”

शर्यत श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे होती. लांब पल्ल्याची. टप्पा संपला की घोड्याच्या अंगावर पाणी ओतून त्याला थंड करायचं, नाडी खाली आली की डॉक्टरांपुढे पळवून दाखवायचं. डॉक्टर हो म्हणाले तरच पुढे जायचं. मल्ली त्या तपासणीत पास झाली होती. मग विसाव्याच्या वेळी शेषाद्री तिच्या पुढच्या पायावर पाणी ओतत होते, तेव्हा तिने पाय झटकन मागे घेतला. त्यांनी पुन्हा हात लावला, तिने पुन्हा घेतला. डॉक्टरांना शोधायला वेळ नव्हता. यश आलाच.

“बरं काका,” म्हणून तो गेला होता. मल्ली सगळ्यांच्या पुढे परत आली, तीन पायांवर. संध्याकाळी तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं.

“आम्ही घरात पायास काल म्हणतों,” शेषाद्री म्हणाले. “तमिळ शब्द. इतक्या पिढ्या तंजावरास काढल्यावर कुठला शब्द कुणाचा हें ध्यानात राहत नाही. हा पुण्याचा मुलगा. ह्यास काल म्हणजे कालचा दिवस.”

राजगोपालांच्या घरीही तीच बोली होती. त्यांनी मान हलवली.

विद्यालक्ष्मी यशकडे वळल्या. “तू काय समजलास?”

“काल दुखत होतं, असंच. आणि आज तुम्ही तिला पास केलं होतंत, मॅडम. म्हणजे बरी झाली असणार.”

“उतरून पाय बघावासा वाटला नाही?”

“मागून दोघं येत होते. थांबलो असतो तर गेलेच असते पुढे. शेवटच्या वळणापर्यंत ती लंगडली नाही, खरंच.”

“दोन वर्षं झाली इथे. तमिळ अजिबात येत नाही?”

“मी काम करतो त्या कारखान्यात सगळं इंग्रजीत चालतं. मला एक सांबार येतं, आणि पोदुम.”

“पोदुम म्हणजे पुरे. जेवणापुरतं निभतं तुझं,” राजगोपाल हसले.

“घोडीवर बसल्यावर आठवला असता तो शब्द, तर बरं झालं असतं,” विद्यालक्ष्मी म्हणाल्या.

राजगोपालांनी समोरचे कागद आवरले.

शेवटी राजगोपाल म्हणाले, “हा भाषेचा घोटाळा आहे. मुलावर बंदी घालण्यासारखं मला काही दिसत नाही.” विद्यालक्ष्मींनी खांदे उडवले. मल्लीचा दोष शेषाद्रींवरही कुणी ठेवला नाही. तो त्यांनीच उचलून घरी नेला.

मल्ली रंजनीची होती, शेषाद्रींच्या बायकोची. सगळा तबेलाच तिचा. गेल्या वर्षी ती गेली तोवर शेषाद्रींचा घोड्यांशी संबंध शर्यतीच्या दिवसापुरताच होता. रोज पहाटे ती एकटी तबेल्यात जायची. घोड्यांशी तमिळमध्येच बोलायची. “नवऱ्याशी मराठी आणि घोड्यांशी तमिळ, मग लाडकं कोण?” असं ते विचारायचे, आणि ती हसून तबेल्याकडे निघायची. यशलाही घोड्यावर बसायला तिनेच शिकवलं होतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, मल्लीकडे बघा. त्यांनी बघितलं ते असं.

रात्री जेवताना त्यांनी तिच्या फोटोकडे पाठ केली.

सकाळी ते तबेल्यात गेले. यश आधीच आला होता. चाचणीसाठी त्याला घोडा हवा होता. तो मागायला त्याची जीभ रेटत नसावी, असं शेषाद्रींना वाटलं.

“सेल्वीस घे,” ते म्हणाले. सेल्वी मल्लीची धाकटी बहीण.

“काका, नको. तुम्हाला त्रास होईल.”

“त्रास मी दिलों सगळ्यांस. एक शब्द नीट बोलतां आला नाही मला. रंजनी असती तर मला घरांत घेतली नसती.”

“असं म्हणू नका.” यशने त्यांचा हात धरला. “कुणाकडूनही झालं असतं. मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही.”

शेषाद्रींना त्याच्याकडे बघवेना. इतकी मोठी चूक पोटात घालणारा मुलगा, आणि आपण त्याला चौकशीच्या खुर्चीवर बसवलं. ते “खोगीर आणतों,” म्हणून शेजारच्या खोलीत गेले. तिथे थोडा वेळ उभे राहिले. डोळे पुसले आणि खोगीर खांद्यावर घेऊन परत निघाले.

दारातून त्यांना यश पाठमोरा दिसला. तो सेल्वीचे खूर साफ करायला वाकला होता.

“काल,” तो हळूच म्हणाला, आणि सेल्वीने पाय उचलून त्याच्या हातात दिला.