अजून मागे

"ड्रम आम्ही नंतर घातले," गायक माइकमध्ये म्हणाला, आणि तिने तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

रेडिओ केंद्रातली ती खोली चौघांना जेमतेम पुरत होती. निवेदिका वयाने त्यांच्या लेकीसारखी. गायकाचे केस अजून काळेभोर, कसे ते विचारायचं नाही. गिटारवाल्याला तेव्हा काडी म्हणत. आता काडीचा ओंडका झाला होता, तरी नाव तेच. आणि ती, ड्रमवाली, तेव्हाची धडाम. दाताच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. आज अर्धी रजा काढून आली होती. घरी सांगायला कुणी नाही, म्हणून शेजारणीला सांगून निघाली होती, "मला रेडिओवर बोलावलंय."

घरात रेकॉर्ड केलेली त्यांच्या बँडची पहिली कॅसेट इतक्या वर्षांनी नव्याने निघणार होती. ती कशी झाली, हे तिघांनी सांगायचं होतं, आणि ते सोबतच्या पुस्तिकेत छापलं जाणार होतं. त्यानंतरच्या प्रत्येक कॅसेटवर ड्रमला दुसराच कुणी होता. तिचं वाजवणं जगात उरलं होतं ते या एकीवर.

"काडीच्या आत्याचं घर," गायक रंगात आला होता. "आत्या गावाला गेलेली. बाहेरच्या खोलीत मी आणि हा. मी उभा, हा मांडी घालून."

"एकुलता एक माइक," काडी म्हणाला, "कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेला. त्याला आत्याचा लोकरी मोजा. तिला कधी कळलं नाही."

"काय धमाल केली रे! हसून हसून पोट दुखायचं."

"नंतर कसे घालणार?" तिने विचारलं.

"काय?"

"ड्रम. टेपरेकॉर्डर एकच होता. नंतर घालायला दुसरा लागतो."

"अगं, घातले असतील कुठेतरी. तू त्या खोलीत नव्हतीसच. मला चित्र दिसतंय ना डोळ्यांसमोर. हा इथे, मी इथे."

तो खोटं बोलत नव्हता. पंचाईत तीच होती. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

"मी बाथरूममध्ये होते," ती म्हणाली.

काडी फस्सकन हसला. "दिवसभर?"

"हसू नकोस, काड्या. तूच बसवलंस. एका माइकवर सगळं घ्यायचं, तर ज्याचा आवाज मोठा त्याने लांब जायचं. म्हणालास, धडाम, जरा मागे. मी दारात गेले. अजून मागे. पॅसेजमध्ये गेले. अजून मागे. शेवटी पाठ नळाला टेकली, तेव्हा म्हणालास, आता कसं गोड ऐकू येतंय."

"मग तुम्हाला गाणं ऐकू यायचं का, मॅडम?" निवेदिकेने विचारलं.

"यायचं की. शेजारच्या घरात चाललेलं येतं ना, तेवढं."

गायकाने समजुतीने मान हलवली. लहान मुलाने हत्ती पाहिल्याचं सांगितलं की मोठी माणसं हलवतात, तशी. "तू कुठल्यातरी दुसऱ्या वेळचं सांगतेयस, धडाम. होतं असं. वय झालं आपलं."

"तुझं झालं असेल."

निवेदिका पेन हातात घेऊन थांबली होती. "मग पुस्तिकेत काय लिहू? ड्रम नंतर घातले, की..."

"टेप लावून बघा ना," ती म्हणाली. "मूळची आहे ना?"

मूळचीच होती, अजून काटछाट न केलेली. निवेदिकेने लावली.

गायकाचा आवाज अगदी कानाशी आला, पोरगेला, थोडा घाबरलेला. पाठोपाठ गिटार. आणि कुठूनतरी खूप लांबून, बंद घरात कुणी दार वाजवावं तसे ड्रम.

"बघ," गायक म्हणाला, "लांबून येतायत. म्हणजे नंतरचेच."

ती टेपकडे कान लावून बसली.

गाणं संपलं. टेप बंद करायची राहिली असावी, ती फिरतच होती. काडीचा आवाज काहीतरी पुटपुटला. काय ते नीट कळलं नाही. मग दोघंही हसायला लागले, धाप लागेपर्यंत.

"काय झालं?"

लांबून आला हा आवाज. बादल्या आणि फरशीत घुमून आलेला, कोवळा, बाईचा.

"अरे, काय झालं? मला पण सांगा ना!"

हसणं थांबलं नाही.

"सांगा ना रे!"

कुणी उत्तर दिलं नाही. कुणीतरी नाक पुसलं, गायकाने एक, दोन, तीन मोजलं, आणि दुसरं गाणं सुरू झालं. लांबून ड्रम आले, बरोबर ठेक्यावर.

निवेदिकेने टेप थांबवली आणि खाली मान घालून कागदावरची एक ओळ खोडली.

काडीने चष्मा काढून शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. गायकाने समोरचा माइक हाताने बाजूला सारला.

"सांगतो," तो तिला म्हणाला. "थांब. आता सांगतो."

ती खुर्चीत पुढे सरकली, हसायच्या तयारीत.

गायकाने काडीकडे पाहिलं. काडी त्याच्याकडेच बघत होता, हा सांगेल म्हणून.