धरला, सोडला

अकबरने मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचे, हवा सोडायचे निपल सैल केले, त्यावर बसवलेल्या नळीचे दुसरे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवले आणि गुडघ्यावर हात रोवून तो उठला. गाडीत बसून त्याने पेडल चार वेळा दाबले. मग पुन्हा चाकापाशी येऊन बाटलीतले बुडबुडे पाहिले. ब्रेकमधली हवा काढणे हे दोन माणसांचे काम. तो ते एकट्याने करत होता.

दुसरे माणूस शेडच्या दारात उभे होते. तीस वर्षे या गॅरेजात पेडलवरचा पाय त्याच्या बायकोचा, फरीदाचा होता. गाडीखालून अकबर म्हणायचा, "दाब." ती दाबून सांगायची, "धरला." तो निपल उघडायचा, हवा जाऊ द्यायचा, बंद करायचा आणि म्हणायचा, "सोड." ती सांगायची, "सोडला." पेडल सुटलेले असताना निपल उघडले, तर बाहेरची हवा आत शिरते. म्हणून "धरला" ऐकल्याशिवाय अकबरचा पाना हलत नसे. नवराबायकोचे दिवसाचे निम्मे बोलणे या दोन शब्दांत उरकत असे.

दहा दिवसांपूर्वी विनीतची गाडी याच शेडमधून दुरुस्त होऊन गेली आणि पावसच्या वाटेवर, उतारावर, तिचे पेडल तळाला टेकले. मागे त्याची आई बसली होती. हँडब्रेक ओढून, कडेच्या दगडी गडग्याला घासत घासत त्याने गाडी थांबवली. आईचे कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. विनीत जाब विचारायला आला तेव्हा अकबर म्हणाला, "हिने पाय लवकर उचलला."

पाय उचललेला नव्हता, हे फरीदाला स्वतःच्या नावाइतके ठाऊक होते. पण गिऱ्हाइके अकबरकडे येत ती त्याच्या कानासाठी. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचे दुखणे सांगे. जयगडपासून लोक गाडी घेऊन येत. अशा माणसाच्या शब्दापुढे बायकोच्या पायाला कोण विचारतो?

तसा तो गेले काही महिने बदललाच होता. मोठ्याने बोले, तिला तो राग वाटला. फोन वाजत पडे, तो उचलत नसे. तिला तो माज वाटला. इंजिन चालू करून तो हल्ली बॉनेटवर तळहात ठेवून उभा राही. ते तर तिला निव्वळ सोंग वाटले.

"चाची, तुम्ही आज लांबच बऱ्या," पुन्हा आणलेल्या आपल्या गाडीपाशी स्टुलावर बसलेला विनीत म्हणाला. "आईचा जीव त्या दिवशी वर आला तो अजून खाली नाय उतरला."

फरीदाची नजर उघड्या बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर गेली होती. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते.

"ऑइल संपत आलंय," ती म्हणाली.

अकबर तिच्याकडे पाठ करून चाकाशी बसला होता. तो हलला नाही.

"ऑइल बघा आधी."

तो उठला, तिच्याकडे न बघता गाडीत शिरला आणि पेडल दाबू लागला. तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने ओरडली की विनीत स्टुलावरून उठला आणि त्याने दोन्ही हात हलवले. ते हात पाहून अकबर थांबला. तोवर टाकी कोरडी पडली होती आणि नळ्यांत नव्याने हवा शिरली होती. सकाळचे सगळे काम फुकट गेले.

फरीदा जागीच उभी राहिली. धरला, सोडला. तिने दोन्ही शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. दोन्हींचे शेपूट एकच, 'ला'.

विनीत समोरच उभा होता. एक वाक्य बोलले असते तर तिचा पाय मोकळा झाला असता. आणि कानासाठी येणारी गिऱ्हाइके उद्यापासून दुसऱ्या शेडमध्ये गेली असती.

"विनीत, गाडी ढकलून बाहेर काढ आणि उलटी आत घे," ती म्हणाली. "एक हात हँडब्रेकवर राहू दे. मागचे दिवे त्या भिंतीकडे आले पाहिजेत."

शेडच्या दोन भिंती उघड्या जांभ्या चिऱ्यांच्या होत्या. आतली तेवढी चुन्याने पांढरी केलेली होती.

गाडी फिरली. फरीदाने स्वतः टाकी भरली. मग ती अकबरच्या समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"माझ्या पायाचा भरवसा नाय ना तुम्हाला? मग भिंतीकडे बघून काम करा."

ती गाडीत बसली. अकबर चाकापाशी गेला. "दाब," तो म्हणाला.

तिने दाबले. तोंडातून शब्द काढला नाही. मागचे दिवे लागले आणि पांढरी भिंत लाल झाली.

अकबर त्या लाल डागाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने निपल उघडले. बुडबुडे गेले. निपल बंद झाले. "सोड," तो म्हणाला. भिंत पुन्हा पांढरी झाली.

चारही चाके अशीच झाली. विनीत गाडी घेऊन चढावर जाऊन आला.

"पेडल दगडासारखं लागतंय," तो उतरताना म्हणाला. "चाची, आज पाय जमला की तुमचा."

"हां, जमला," फरीदा हात पुसत म्हणाली.

अकबर दोघांच्या ओठांकडे पाहत होता. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"पाय त्या दिवशीपण जागेवरच होता तिचा," तो म्हणाला. "कान गेलेत ते माझे."