वकिलांच्या गाडीची थरथर

"माझा पाय ब्रेकवर पडला की गाडी गपगुमान बसते. घरच्या मांजरासारखी," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी बसली नाही. स्टिअरिंग थडथडायला लागलं, आरसा हलला, आणि डॅशबोर्डवरचा वकिलांचा चष्मा उडून शेजारी बसलेल्या मेहुण्याच्या चहात पडला.

"भाऊजी," चष्मा बाहेर काढत मेहुणा म्हणाला, "मांजर जरा बिथरलंय."

बंद पडलेल्या कारखान्यामागचा सरळ, रिकामा रस्ता होता. रविवारी ट्रॅकवर शर्यत होती. वकिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच नाव दिलं होतं आणि कोर्टातल्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना बघायला बोलावून ठेवलं होतं. गाडीला खास ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवले होते.

असे नवे पॅड आधी मुरवावे लागतात. गाडी जोरात पळवायची, ब्रेक दाबून हळू करायची, पण पूर्ण थांबवायची नाही. लगेच पुन्हा पळवायची. पॅड तापतो, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर त्याचा सारखा थर बसतो. तापलेलं असताना थांबलात, तर एकाच जागी डाग पडतो आणि मग गाडी थरथरते.

"मध्ये कुठे थांबलात का?" पॅड बसवणाऱ्या मेस्त्रीने विचारलं.

"उलटतपासणी मी घेतो," वकील म्हणाले. "नाही थांबलो."

मेस्त्रीने डिस्क घासून साफ केल्या. वकील पुन्हा पॅड मुरवायला गेले. पॅड तापले की धूर येतोच, पण कारखान्याच्या वॉचमनला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने गाडीला आग लागली म्हणून विझवायचा सिलिंडर उचलला आणि बॉनेटपासून काचेपर्यंत फेस मारला. वकील थांबले नाहीत, कारण थांबायचं नव्हतं. ते वायपर लावून पुढे गेले. वॉचमन सिलिंडर घेऊन मागे धावला आणि नाल्यात गेला.

रस्त्याच्या टोकाच्या वळणाला ब्रेक दाबला, तर पुन्हा थरथर.

मग मेहुण्याने चालवून बघितली. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. काही नाही. मेस्त्रीने चालवली. काही नाही.

"गाडीत काही नाही साहेब," मेस्त्री म्हणाला.

"मग कशात आहे?"

मेस्त्रीने हात पुसले. "असतं कधीकधी," तो म्हणाला.

वकिलांच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. ज्याला माहीत असतं काय करून ठेवलंय, त्यालाच ते टाळता येतं. दोघंही मिळालेले होते. मेस्त्री कशाला करेल? सांगितल्याशिवाय नाही. सांगितलं कुणी? 'भाऊजी, ट्रॅक हे आपलं काम नाही हो,' असं महिनाभर कोण म्हणत होतं? वरच्या मजल्यावर कोण राहतो? गाडीची दुसरी चावी कुणाच्या खिशात?

त्या संध्याकाळी वकिलांनी चारही चाकांना सुतळी बांधली, लाख ओतली आणि वर सह्या केल्या. सकाळी सीलं जशीच्या तशी होती. ती काढून वकील एक फेरी मारून आले. गाडी थरथरली.

"म्हणजे सील तोडून परत लावणारा माणूस आहे," ते बायकोला म्हणाले. "साधं डोकं नाही हे."

"अहो, तुमची सहीसुद्धा केली का त्याने?"

"तेच म्हणतोय मी. किती दिवसांची तयारी असेल बघ."

बायको पोळी उलटत म्हणाली, "रविवारी नाही गेलात तर नाही का चालणार? मी सांगते सगळ्यांना, यांना ताप आलाय."

वकिलांनी तिच्याकडे रोखून बघितलं. बहीण-भाऊ हल्ली स्वयंपाकघरात हळू बोलायचे आणि वकील आत शिरले की भाजीच्या भावावर यायचे. म्हणजे हीसुद्धा त्यांच्यातलीच.

शनिवारी मेस्त्रीने गाडी शेवटची तपासायला ठेवून घेतली होती. दुपारी वकील न कळवता गॅरेजात शिरले. मेहुणा तिथेच होता. बायकोसुद्धा होती, डबा घेऊन आल्यासारखं करत उभी.

"बरं झालं, सगळे आरोपी हजर आहेत," वकील म्हणाले. "आता ऐका. आज इथे सिद्ध झालं की गाडीत दोष आहे, तर या गृहस्थांनी संध्याकाळपर्यंत वरची खोली रिकामी करायची. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"अहो, माझा एकुलता एक भाऊ आहे तो," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आणि दोष नाही निघाला तर?" मेहुण्याने विचारलं.

"तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

मेस्त्रीने पाना खाली ठेवला. "साहेब, ते नेमकं कसं होतं, एकदा बसून दाखवता का?"

वकील तडक गाडीत चढले. दार ओढलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले.

"मी सरळ रस्त्यावर आहे," ते म्हणाले. "शंभरच्या पुढे गेलोय. वळण येतंय. सगळं कोर्ट बघतंय. वळण आलं. आलं. आणि हा ब्रेक."

त्यांचा पाय खाली गेला. स्टिअरिंग थडथडायला लागलं. आरसा हलला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. सीटसुद्धा करकरली.

वकिलांनी डोळे उघडले. चेहरा घामाने निथळत होता, पण आवाज खणखणीत होता.

"पकडलं. तुमच्या तिघांच्या देखत पकडलं. आता तरी मान्य करा, दोष गाडीत आहे."

बायकोने पदर डोळ्यांवरून तोंडावर नेला.

गाडी सकाळपासून चार लोखंडी स्टँडवर उभी होती आणि तिची चारही चाकं पलीकडच्या भिंतीला टेकून ठेवली होती.