कललेली रायफल

संघात जागा एकच होती आणि शेवटची गोळी बाकी होती. वर्षभर अबोला धरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी शेजारी-शेजारी पालथ्या पडून नेम धरत होत्या. तेवढ्यात थोरली पुटपुटली, "तुझी रायफल उजवीकडे कललीय. एवढ्या लांबवर गोळी बाजूला जाईल."

"माझं लक्ष उडवायला बघतेस!" धाकटी फणकारली आणि तिने तशीच गोळी झाडली. ती लक्ष्याच्या पार उजव्या कडेला लागली. जागा थोरलीला मिळाली.

बाहेर येताच धाकटीने तिला गाठलं. "ताई, रायफल खरंच कलली होती. मग मला सांगितलंस कशाला?"

 

"तुझं तुला कळलं असतं, तर तू ती सरळ केली असतीस. मी सांगितल्यावर मुळीच करणार नव्हतीस."